फौजी भाचा, एकविसाला चार महिने कमी, आणि खामगावचं एक फॅमिली रेस्टॉरंट

शेवभाजीसाठी जा. बाकी सगळं त्यानंतर.

इथली शेव जाड, लसणाची आणि तिखट असते. मुख्य म्हणजे ती रश्शात आधीच भिजवून ठेवलेली नसते. काळ्या मसाल्याचा उकळता रस्सा आधी येतो, शेव वेगळ्या वाटीत येते, आणि वाढणारा पोऱ्या टेबलाशी उभं राहून विचारतो, ‘टाकू का आता?’ तुम्ही हो म्हणाल तेव्हाच टाकतो. त्यामुळे पहिला घास कुरकुरीत लागतो आणि शेवटपर्यंत गाळ होत नाही. १४० रुपयांत दोघांना पुरते. ज्वारीची भाकर २५ला, हातावर थापलेली, पापुद्रा सुटलेली. कळण्याची भाकर हवी असेल तर सकाळी फोन करून सांगावं लागतं. मटण सावजीची नक्कल आहे. तिखट लागतं, चव मागेच राहते. पनीरच्या भानगडीत पडू नका.

जागा खामगावहून नांदुऱ्याकडे जाताना, वस्ती संपायच्या आत. हॉटेलचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रात्रीच ‘जवानाचा अपमान करणारं हॉटेल’ असा मेसेज पडला आणि दोन-तीन जणांनी मालकाचा नंबर मागितला. मालकानं कुणाचा अपमान केला नाही. मी त्याच टेबलावर होते, म्हणून हे लिहिते आहे.

हरभऱ्याची पेरणी उरकली होती. ताईचा मुलगा सुट्टीवर आला होता, अग्निवीर आहे, म्हणजे चार वर्षांसाठी फौजेत घेतलेला. शेगाव स्टेशनला उतरवून घेतलं तेव्हा ताईनं आधी त्याचे गाल बघितले, मग बॅग. दोन दिवस घरचं खाऊन झाल्यावर त्यानंच सांगितलं की सगळ्यांना मी जेवायला नेतो, माझ्या पगारातून. भाऊजी नको-नको म्हणत तयार झाले. आम्ही दोघं, ताई, भाऊजी, भाचा आणि त्याचा शाळेपासूनचा दोस्त. हा दोस्त छोटा हत्ती, म्हणजे मालाचा लहान टेम्पो, चालवतो. गावातलं सोयाबीन मार्केट यार्डात नेऊन टाकतो.

बायकांसाठी आधी सांगते. फॅमिली सेक्शन वेगळा आहे, मधे प्लायवूडची भिंत आहे, नुसता पडदा नाही. परमिट रूमचा दरवाजा दुसऱ्या बाजूनं. फॅमिलीत बसून बिअर मागवता येते, पण आरडाओरडा करणारी मंडळी इकडं येत नाहीत. संडासाला आतून कडी आहे आणि ती लागते. आमच्या भागात एवढ्यावरच मी अर्धी पसंती देऊन टाकते.

तर भाच्यानं ऑर्डर दिली. आमचे हे आणि भाऊजी यांना एकेक बिअर, एक त्याला, एक दोस्ताला. ताईनं माझ्याकडं बघितलं, मी मेनूकार्डाकडं. पोऱ्यानं लिहून घेतलं, दोघा मुलांच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाला, ‘सर, आधार दाखवा ना जरा.’ भाच्यानं आधार नाही, फौजेचं कार्ड काढलं. पोऱ्या गडबडला आणि मालकाला घेऊन आला.

मालक साठीचा असेल. चष्मा कपाळावर सारला, कार्ड डोळ्यांपासून हातभर लांब धरलं, आणि दुसऱ्या हाताच्या पेरांवर अंगठ्यानं महिने मोजले. दोनदा मोजले. मग कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं.

‘दादा, तुमच्या कार्डाले माहा सलाम हाय. पन् एकवीसले चार महिने कमी पडून राह्यले ना.’

भाच्याचा चेहरा उतरला. भाऊजी चिडले. ‘अहो, हा पोरगा तिकडं बर्फात बंदूक घेऊन उभा राह्यते, आन् तुम्ही त्याले बिअर नाही देत?’

‘भाऊ, बंदूक सरकारनं देल्ली. बिअर मी देऊन राह्यलो. लायसन माहं हाय.’

हे ऐकून मला हसू आलं; भाऊजींना नाही.

या माणसाला कागदाची एवढी भीती का, तेही त्यानं नंतर काउंटरवर सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा आदेश दिला, तो १ एप्रिल २०१७पासून लागू झाला, तेव्हा याच्या परमिट रूमला कुलूप लागलं. पुढं नगरपालिका हद्दीतल्या जागांना त्यातून मोकळीक मिळाली तेव्हा कुठं उघडलं. ते महिने त्यानं नुसत्या शेवभाजीवर काढले. तेव्हा शेवभाजी सुधारली, असं आमच्या ह्यांचं मत.

नियम त्याच्या भिंतीवर लावलेला आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला २१ पूर्ण लागतात, बाकी कडक दारूला २५. लोकांना हे माहीतच नसतं, कारण बहुतेक ठिकाणी विचारत नाहीत. आमच्याच गावच्या फाट्यावर एका ठिकाणी दहावीची पोरं गणवेशावर जर्किन घालून बसलेली मी बघितली आहेत. इथं विचारतात. शिक्षिका म्हणून मला ते आवडलं, मावशी म्हणून थोडं टोचलं.

मग जेवण येईपर्यंत टेबलावर जी बोलाचाली झाली ती अशी. भाच्याचं म्हणणं, त्याच्या युनिटमध्ये हा विषय रोजचा आहे. अठराव्या वर्षी मरायला चालतो, मग एकविसाव्यापर्यंत प्यायला का नाही? अमेरिकेतही हाच वाद आहे, तो यूट्यूबवर पाहतो. हे खरं आहे. तिकडं १८व्या वर्षी फौजेत घेतात, आईबापाची संमती असेल तर १७व्या. पण दारूचं वय १९८४च्या कायद्यानं देशभर २१ झालं, आणि २०१९च्या शेवटी तंबाखू-सिगारेटचंही २१ केलं, त्यात सैनिकांना सूट ठेवली नाही. उलट मतदानाचं वय मात्र तिथं १९७१ मध्ये २१वरून १८वर आलं, आणि ते आलं याच मुद्द्यावर: व्हिएतनामला पाठवता, मग मत का नाही. म्हणजे सैनिकाच्या नावानं भांडण सुरू झालं, हक्क मात्र त्या वयाच्या सगळ्यांनाच मिळाला. माझ्या मते हीच पद्धत बरोबर आहे, पण ते पुढं.

आपल्याकडं मतदानाचं वय १९८९ मध्ये १८ झालं, ६१व्या घटनादुरुस्तीनं. माझं स्वतःचं पहिलं मत त्यामुळंच लवकर पडलं. मी बीएलओचंही काम करते, मतदारयादी घेऊन दारोदार फिरते. फौजी मुलांची नावं यादीच्या अगदी शेवटच्या भागात असतात, सेवा मतदार म्हणून. मतपत्रिका त्यांना ऑनलाइन जाते आणि भरून टपालानं परत येते. भाच्याचं नाव त्या भागात बघितलं तेव्हा मला जो अभिमान वाटला तो बिअरच्या ग्लासानं वाटला नसता. हे मी त्याला तिथंच सांगितलं. तो म्हणाला, ‘मावशी, मत मी टपालानं देतो. बिअर टपालानं येत नाही.’

पोरगं फौजेत गेल्यापासून हजरजबाबी झालं आहे.

आता दोस्ताकडं बघा, कारण मला सगळ्यात जास्त विचार त्याच्यावरून आला. तो भाच्याहून दीड महिन्यानं लहान. त्यालाही बिअर मिळाली नाही आणि त्याच्याबद्दल कुणी चिडलं नाही. आपल्याकडं खासगी गाडीचं लायसन १८ला मिळतं, पण मालवाहू, भाड्याच्या गाडीला २० पूर्ण लागतात. म्हणून हा बिचारा दोन वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर हमाली करत बसला. भाचा मात्र त्याच दोन वर्षांत फौजेचा स्टॅलियन ट्रक चालवत होता. ते कसं? तर मोटार वाहन कायद्यात, कलम १८मध्ये, तशी वेगळी सोय आहे: संरक्षणाच्या कामासाठी असलेली केंद्र सरकारची गाडी १८ पूर्ण झालेल्या माणसाला चालवता येते. पण त्या लायसनवर दुसरी कुठलीही गाडी चालवता येत नाही. म्हणजे पोरगं सुट्टीवर आलं की दोस्ताचा छोटा हत्ती यार्डापर्यंत नेऊ शकत नाही.

भाऊजींना हे मी समजावलं तेव्हा ते म्हणाले, ‘बघा, म्हणजे सूट देता येते. सरकारले पाहिजे तिथं देल्ली.’

हा मुद्दा मला मान्य आहे, पूर्ण मान्य आहे. वयाची सूट जिथं सरकारला काम करून घ्यायचं आहे तिथं मिळते. पोराला हवं असेल तिथं वय आडवं येतं. लग्नाला २१. ग्रामपंचायतीला उभं राहायला २१. व्हिस्कीला २५. चार वर्षं संपतील तेव्हा भाचा पावणेबावीसचा असेल, आणि घरी येऊन बापासोबत व्हिस्की घ्यायची म्हटली तर अजून सव्वातीन वर्षं थांबावं लागेल. नियम राज्याराज्यात वेगळे असतात हेही आहेच. गोव्यात १८, केरळात २३, दिल्लीत २५, बिहारात आणि गुजरातेत बंदी. आपल्याच विदर्भात वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे. वर्ध्यातल्या पुलगावला फौजेचा एवढा मोठा दारूगोळ्याचा डेपो, आणि जिल्ह्यात बाटली विकायला बंदी.

पण तरी वर्दी बघून बिअर द्यावी, हे मला पटत नाही. एकविसाचा नियम जर शरीराच्या, डोक्याच्या वाढीसाठी असेल, तर वर्दीच्या आतलं शरीर तेच आहे. भाच्याचं यकृत फौजेनं वेगळं दिलेलं नाही. आणि नियम जर खुळा असेल, तर तो दोस्तासाठीही खुळाच आहे. याच टेबलावर एकाला ग्लास आणि दुसऱ्याला ताक, हे मी बघू शकले नसते. पहाटे चारला उठून क्विंटलाची पोती चढवणारा पोरगा कमी मोठा आहे का? वय कमी करायचं तर सगळ्यांचं करा, नाहीतर कुणाचंच नको.

माझं भांडण दुसऱ्या टोकाशी आहे, आणि ते मी भाऊजींना जेवताना सांगितलं, त्यामुळे त्यांचा घास थांबला. भाचा भरती झाला तेव्हा पावणेअठराचा होता. अग्निपथमध्ये, म्हणजे अग्निवीर भरतीच्या योजनेत, साडेसतरापासून घेतात. १८ पूर्ण नसतील तर फॉर्मवर आईबापाची सही लागते. ती सही भाऊजींनी केली होती, आमच्या ओट्यावर बसून, माझ्या पेनानं. मुलाची एकट्याची सही चालणार नाही म्हणून बापाची. त्या वयात त्याला मोबाइलचं सिमकार्ड स्वतःच्या नावानं मिळालं नव्हतं. बरं, १८ पूर्ण होईपर्यंत प्रत्यक्ष मोहिमेच्या जागी पाठवत नाहीत, तसं भारतानं संयुक्त राष्ट्रांना लिहून दिलेलं आहे. ब्रिटनमध्येही १६व्या वर्षी संमतीनं घेतात आणि १८च्या आधी आघाडीवर धाडत नाहीत. पण पाठवायचंच नाही तर घ्यायची घाई कशाला? सहा महिने थांबा. त्याची सही त्याला करू द्या. बारावीचा निकालही तोवर लागतो.

भाचा म्हणाला, ‘मावशी, सहा महिन्यांत भरतीची गाडी सुटते.’ त्याचंही बरोबर आहे. आमच्या वर्गातून बाहेर पडलेली पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर पळत असतात, सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत यावं म्हणून. शेतात दोन एकर, त्यात कपाशीचा भाव असा. त्यांना वयाची चर्चा करायला वेळ नसतो. पण नियम करणाऱ्यांना असावा.

या सगळ्यात अक्षय गवतेचं नाव निघणारच होतं. आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अग्निवीर, ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनवर कर्तव्यावर असताना गेला. तेव्हा त्याच्या घरच्यांना काय मिळणार, पेन्शन का नाही, यावर दिल्लीपर्यंत वाद झाला. लष्करानं आकडे दिले: ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान, सेवा निधी, उरलेल्या मुदतीचा पगार. ताई तेव्हा ते आकडे वहीत उतरवून घेत होती आणि मधेच तिनं वही मिटली. जेवताना नाव निघालं तेव्हाही ती उठली आणि हात धुऊन आली, हात धुवायचे नसताना. आम्ही विषय बदलला. भाकरी परत मागवल्या.

वाढण्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली: भाकरी एकदम चार आणून ठेवत नाहीत, एकेक आणतात. पहिल्यांदा वाटतं उशीर करत आहेत, मग कळतं गरम मिळावी म्हणून. गर्दी असेल तर मात्र यात खरंच उशीर होतो. रविवारी शेगावहून परतणाऱ्या भक्तांच्या गाड्या थांबतात तेव्हा जाऊ नका. ठेचा मागितल्याशिवाय देत नाहीत. ताक घरचं वाटतं, त्यात जिरेपूड. दोघा मुलांनी शेवटी ताकच घेतलं, आणि आमच्या ह्यांनी आपली बिअर अर्धी सोडली, लाजेपोटी की चव नव्हती म्हणून, ते मी विचारलं नाही. भाऊजींनी त्यांची पूर्ण संपवली.

बिल १,४०० आणि काही रुपये झालं. काउंटरच्या मागं पिवळ्या अक्षरांत बोर्ड आहे: आजी-माजी सैनिकांना जेवणावर १० टक्के सूट. दारूवर नाही, तेही खाली लिहिलं आहे. मालकानं न सांगता सूट लावली. भाच्यानं पैसे देताना विचारलं, गमतीनंच, ‘काका, पुढच्या साली माहे चार वर्षं संपतात. मंग आलो तं सूट भेटन का?’

मालकाला प्रश्न कळला नाही. भाऊजींनी समजावून सांगितलं. चार वर्षांनी शंभरातले पंचवीसच पक्के होतात. बाकीच्यांना सेवा निधीचे पैसे मिळतात, प्रत्येक महिन्याच्या पगारातले ३० टक्के कापून त्यात सरकारनं तेवढेच घातलेले. पण पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि माजी सैनिक हा दर्जाही नाही. कागदोपत्री तो माजी सैनिक नसेल.

कागदाला एवढं मानणारा माणूस. चष्मा पुन्हा कपाळावर गेला. काही वेळ तो बोर्डाकडं बघत राहिला, जणू तो त्यानं पहिल्यांदाच वाचला.

‘माह्या हाटेलात त्यो माजी सैनिकच,’ तो म्हणाला. ‘कार्ड नसलं तरी. तोंड वळखतो मी.’

‘आन् बिअर?’ भाच्यानं विचारलं.

‘ते चार महिन्यांनी. आधार घेऊन या.’

मी मालकाला म्हटलं, मग हे बोर्डावर लिहा, ‘अग्निवीरांनाही’. तोंड फक्त याचंच ओळखून कसं चालेल, जिल्ह्यातून किती पोरं गेली आहेत. तो म्हणाला, ‘लिवतो मॅडम, पेंटरले सांगतो.’ मागच्या आठवड्यात तिथून जाताना मुद्दाम थांबले. शेवभाजी तशीच होती, कढई नवी घेतली आहे. बोर्ड जुनाच. पेंटर पोळ्यापासून आला नाही म्हणे. म्हणून पाचपैकी चार तारे देते आहे. ते दोन शब्द रंगवले की पाचवा देईन.